नदीपल्याडचा मास्तर

तिचं नाव मी लिहिणार नाही. तिच्या गावाचं नाही आणि देशाचंही नाही. तिची काही माणसं अजून तिकडेच आहेत, आणि एकदा कागदावर आलेलं नाव कुठं कुठं जाऊन पोचेल याचा मला आता भरवसा वाटत नाही.

इस्लामपुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. नर्सिंग कॉलेज चालत जाण्यासारखं असल्यानं तिथं कायम मुली राहतात. त्या वर्षी तिघी आल्या. दोघी जतकडच्या, आणि तिसरी ही, पार ईशान्येकडच्या डोंगरातून आलेली. बुटकी, गोल चेहऱ्याची, पाठीवर तिच्या उंचीएवढी सॅक. पहिले काही महिने ती माझ्याशी मान हलवून बोलायची. हिंदी मोडकी, मराठी शून्य. मग वॉर्डात ड्यूटी लागली आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी तिला मराठी शिकवली. त्यामुळे तिच्या मराठीची सुरुवातच "कुठं दुखतंय आजी?" आणि "पोट साफ झालं का?" अशी झाली. लिंगाचा घोळ मात्र शेवटपर्यंत राहिला. जिना उतरताना ओरडायची, "काकू, मी आला!"

माझे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गल्लीत सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. पाटणच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. नोकरीतली तीन वर्षं त्यांनी त्याच डोंगरात, सरहद्दीच्या नदीवर काढली होती. एका दुपारी ते गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तेव्हा ती कठड्याला टेकून फोनवर बोलत होती. तिचं बोलणं संपल्यावर यांनी तिला तिच्या भाषेत, "जेवलीस का?" एवढंच विचारलं. त्यांना तेवढंच येत होतं. ती आधी दचकली आणि मग हसता हसता रडायलाच लागली. सुभेदार घाबरून खाली आले. "आगं, वर जा. मी पोरीला कायतरी वाकडं बोललो वाटतं."

तेव्हापासून ती घरातली झाली. तिच्याकडून कळलं, की तिचं गाव त्याच सरहद्दीच्या नदीच्या पलीकडे, दुसऱ्या देशात आहे. अलीकडे मामा राहतो. नदीच्या दोन्ही काठांवर एकच भाषा, एकच देव, लग्नंसुद्धा इकडची तिकडे. लहानपणी शाळेसाठी आईनं तिला मामाकडे ठेवलं आणि ती अलीकडची झाली. आई आणि थोरला भाऊ पलीकडे राहिले. वडील नव्हते. भाऊ गावातल्या प्राथमिक शाळेत मास्तर होता. मीही सगळा जन्म शिक्षकी केलेली, त्यामुळे मला त्याचं फार कौतुक. ती व्हिडिओ कॉल करायची तेव्हा मी मुद्दाम डोकावायचे. एकदा त्यानं आम्हाला त्याचा वर्ग दाखवला. बांबूच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, आणि फळ्यावर गुणाकार. अंक त्यांचे निराळे, पण तिनं ते वाचून दाखवल्यावर उदाहरण मला पटकन समजलं. हातचा धरायला तो विसरला होता. मी ते बोटानं दाखवलं, तेव्हा त्याचा सगळा वर्ग हसला.

त्याच्या पुढच्या वर्षी तिकडे लष्करानं सत्ता घेतली.

आमच्याकडे ही बातमी पेपरात आतल्या पानावर आली. कारखान्याचा हंगाम चालू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि हवेत मळीचा वास. आम्ही आमच्या कामात. तिच्या फोनवर मात्र रोज नवे फोटो येऊ लागले. तालुक्याच्या गावात निघालेले मोर्चे, त्यात भाऊ, हातात पुठ्ठ्याचा फलक. मग मोर्चावर गोळ्या चालल्या. त्याच्या शाळेतल्या एका बाईंना घरातून उचलून नेलं, त्यांचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मग शाळा बंद. मग फौज गावात आली, तांदळाची कोठारं जाळून गेली. ती हे सगळं मला भाजी निवडता निवडता सांगायची. तिच्या डोळ्यांत पाणी नसायचं. मी म्हणायचे, "होईल सगळं नीट." कशाच्या जोरावर म्हणायचे कोण जाणे.

पाऊसकाळाच्या तोंडावर भावाचा एक फोटो आला. तो जंगलात होता. अंगावर हिरवा शर्ट, पायात साध्या रबरी चपला आणि हातात बंदूक. आजूबाजूला त्याच्यासारखेच सात-आठ जण. कोणी शेतकरी, कोणी ड्रायव्हर, एक जण चर्चमध्ये गिटार वाजवणारा. तिनं प्रत्येकाची ओळख सांगितली. त्या डोंगरी लोकांनी ठरवलं होतं, की आता या राज्यकर्त्यांच्या हाताखाली राहायचं नाही. आपला डोंगर आपण सोडवायचा.

सुभेदारांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि नुसती बंदूक बघत राहिले.

"ठासणीची हाय," ते म्हणाले. "शिकारीची. एकदा वाजली की परत दारू भरायची, ठासायची, मग दुसरी गोळी. तवर समोरचा तीस गोळ्या घालंल." त्यांनी फोन तिला परत दिला. "ह्यानं रानडुक्कर मरतं बाय. फौज न्हाई मरत."

ती म्हणाली, "अंकल, त्यांच्याकडे हेच आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही नाश्त्याला बसलो होतो. ती खाली आली, उभ्या उभ्याच म्हणाली, "अंकल, भाऊ विचारतो, तुम्ही त्यांना शिकवणार का? फोनवर. त्यांच्यात कुणीच फौजी नाही."

सुभेदारांचा घास हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. या माणसानं जन्मभर जवानांना शिकवलं होतं. निवृत्तीनंतरही गावाकडची पोरं भरतीच्या आधी यांच्याकडे येतात, त्यांना हे पहाटे ओढ्याकाठानं पळवतात.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

तिनं एकदाही "का" म्हणून विचारलं नाही. "ठीक आहे अंकल," म्हणाली आणि वर गेली. तिच्या पावलांचा जिन्यावरचा आवाज गेला तशी मी यांच्यावर उसळले.

"आवं, पोरगी एवढं विचारतीय, चार गोष्टी सांगितल्या तर काय बिघडतंय?"

"लय बिघडतंय. मी ह्या देशाची वर्दी घातलेला माणूस हाय. परक्या देशाच्या फौजंवर गोळी कशी घालायची हे मी फोनवरनं सांगू? उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? आणि खरं सांगू का," ते ताटाकडे बघत म्हणाले, "मी दोन गोष्टी सांगीन, त्येला वाटंल आपण शिकलो. आन् त्यो पुढं जाईल. मग त्येचं काय झालं तर ते कुणावर?"

मी उठून चहा ठेवला.

माझ्या आईचे वडील बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते. वाळवा तालुक्यात हे काही नवल नाही, अर्ध्या घरांत असा एखादा माणूस निघतो. आजोबा ज्वारीच्या रानात झोपायचे आणि आजी शेणीच्या पाटीत तळाला भाकरी ठेवून पोचवायची. एकदा पोलिसांनी तिला अडवलं, पाटी उचलून पाहिली आणि वासानं नाक धरून खाली ठेवली. हा प्रसंग मी नोकरीत असताना दर पंधरा ऑगस्टला शाळेत सांगायचे. मुलं हसायची, टाळ्या वाजवायची. निवृत्तीनंतरही शाळा मला बोलावते. त्या वर्षी तिला सुट्टी होती म्हणून मी तिला बरोबर नेलं. ती मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तिला बरंचसं समजलं असावं, कारण परत येताना रस्त्यात तिनं विचारलं, "काकू, तुमच्या आजोबांवर विमान यायचं का?"

"नाही गं. विमान कुठलं? पोलीस यायचे."

"मग किती वर्षांत संपलं?"

"चार-पाच वर्षांत इंग्रज गेले."

तिनं चालता चालता बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "आमचं पण चार-पाच वर्षांत संपेल?"

मी "हो" म्हणाले. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलीला द्यावं तसं, ठाम. घरी येऊन साडी बदलली तेव्हा मला माझीच लाज वाटली. आजोबांचा लढा मला माहीत होता तो जिंकल्यानंतरचा. हारतुरे, सत्कार, ताम्रपट. तो चालू असताना आजी रोज संध्याकाळी कुठल्या तोंडानं चूल पेटवत असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

विमानाचं तिनं उगाच विचारलं नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, महिन्याभरापूर्वी त्यांच्या शेजारच्या गावावर विमान बाँब टाकून गेलं होतं. ते तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण यांनी नाही म्हटल्यापासून ती लढाईचं काही बोलतच नव्हती. मी यांना सांगितलं. सुभेदार त्या दिवशी दुपारभर अंगणात फेऱ्या घालत होते. चार वाजता त्यांनी खालूनच हाक मारली, "पोरी, भावाला फोन लाव."

फोन लागायला दोन दिवस गेले. तिकडे नेट तोडलं होतं, भावाला रेंजसाठी डोंगराच्या माथ्यावर चढावं लागे. लागला तेव्हा सुभेदारांनी तो हातात घेतला आणि मोठ्यानं, परेडवर बोलावं तसं बोलायला लागले.

"बंदूक का कुछ नहीं बताऊंगा. समझा? बाल-बच्चा, औरत, बूढ़ा, उनके लिए बताता हूं. लिख ले."

आणि मग त्यांनी विमानापासून बचावाचा खंदक कसा खणायचा ते सांगितलं. भाऊ नदीकाठच्या बाजारात हिंदी शिकला होता, त्याला समजत होतं. खंदक सरळ खणू नको, वाकडातिकडा खण, म्हणजे एका टोकाला काही पडलं तर दुसऱ्या टोकाची माणसं वाचतात. तोंडं दोन ठेव. वर ओंडके, त्यावर बांबू, त्यावर हातभर माती. पांढरं कापड बाहेर वाळत घालू नको. चूल धूर करते, ती दिवसा पेटवू नको. मग फोन ठेवून त्यांनी कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनं सगळं काढलं. तिनं त्याचा फोटो काढून पाठवला. जाईना. तीन दिवस तो तसाच अडकून होता आणि सुभेदार दर तासाला विचारत होते, "गेला का गं?"

चौथ्या दिवशी गेला. आठवड्यानं उलट फोटो आला. शाळेच्या मागच्या उतारावर माणसं खणत होती. बाया, म्हातारे, शाळकरी मुली पाट्यांनी माती उचलताना. भाऊ उघड्या अंगानं खंदकात उभा, छातीपर्यंत जमिनीत. सुभेदारांनी तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. "खोली बरोबर हाय," म्हणाले. त्या महिन्यातला तेवढा एकच दिवस मला त्यांचा चेहरा हलका दिसला.

खंदकाचा उपयोग झाला. दिवाळीच्या आसपास गावावर दोनदा विमान आलं, शाळा गेली, बरीच घरं गेली, पण माणसं वाचली. तिची आई वाचली. भाऊ मात्र खंदकात नव्हताच. तो पुढं कुठंतरी त्याच्या माणसांबरोबर होता.

मग तो रविवार आला. सकाळचे दहा वाजले असतील. मी कणीक मळत होते. जिन्यावरून ती धडधडत उतरली, अनवाणी, केस ओले, फोन कानाला. माझ्या स्वयंपाकघरात येऊन फरशीवरच बसली. जतकडची तिची मैत्रीण मागोमाग वह्या घेऊन धावत आली. भावाचा पाय सुरुंगावर पडला होता. डावा पाय, गुडघ्याच्या खाली. त्याच्याबरोबर तो गिटारवाला होता आणि तोच फोनवर होता. त्यांच्यात डॉक्टर नव्हता, नर्स नव्हती. त्यांच्या ओळखीत वैद्यकीचं थोडं तरी शिकलेली एकच व्यक्ती होती, आणि ती इस्लामपुरात माझ्या फरशीवर बसली होती.

ती जे बोलत होती ते तिच्या भाषेत. मला एक शब्द कळत नव्हता, तरी तिच्या हातांवरून सगळं कळत होतं. स्वतःच्याच मांडीवर ती हात ठेवून कुठं बांधायचं ते दाखवत होती, जणू पलीकडच्याला दिसतंय. पट्टीत काठी घालून पीळ कसा द्यायचा ते हवेत करून दाखवत होती. मधेच इंग्रजी शब्द यायचे. मैत्रीण वही चाळून पान दाखवायची, ती मान हलवून वाचायची. सुभेदार दारात उभे होते. एकदाच पुढं झाले आणि म्हणाले, "बांधल्याची वेळ इचार. टायम लिहून ठेवायला सांग." तिनं विचारलं. माझ्या हाताला कणीक तशीच चिकटलेली. मी ते धुवायचंही विसरले.

ती काहीतरी विचारत होती आणि पलीकडून तेच तेच उत्तर येत होतं. मधेच ती मैत्रिणीकडे वळून मोडक्या मराठीत काही बोलली. मैत्रिणीनं हळूच मला सांगितलं, "तिकडं काय काय आहे ते विचारतीय. मीठ आहे म्हणतोय. पाणी उकळतोय. औषध कसलंच नाही."

मग तिचा आवाज बदलला. मऊ झाला. फोन भावाच्या कानाशी धरला असावा. ती सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं बोलत राहिली. बोलत राहिली. मला पलीकडून काहीच ऐकू येईना म्हणून मी वाकून पाहिलं. पडद्यावर काही नव्हतं. फोन कधीच तुटला होता. मैत्रीणही ते बघत होती. पण हिला सांगायचं कुणी? शेवटी सुभेदार तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाले, "लाइन गेली, बाय."

ती म्हणाली, "माहीत आहे अंकल."

दुपारी दोनला तिची ड्यूटी होती. मी म्हटलं, जाऊ नकोस, मी फोन करून सांगते. ती गेली. संध्याकाळी आल्यावर सांगितलं, एका आजोबांच्या साखरेमुळे चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग होतं. "इतकं औषध लावलं काकू. पांढरी पट्टी, नवी. आणि ते मला ओरडले, हळू कर म्हणून." एवढं सांगताना तिचा धीर सुटला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्याएवढीही नव्हती.

भाऊ होता तिथून नदीपर्यंत दोन दिवसांची वाट होती. पण वाटेवर फौजेचं ठाणं, त्यामुळे जखमी माणसाला घेऊन निघता येईना. तिचा मामा अलीकडच्या काठावर येऊन थांबला होता. मंगळवारी सकाळी सुभेदार मला म्हणाले, "चल, साताऱ्याला जाऊ." त्यांच्या पलटणीतले एक मोठे साहेब निवृत्त होऊन तिथं राहतात. त्यांच्याच हाताखाली हे त्या नदीवर होते. सुभेदारांनी पांढरा शर्ट घातला, बूट पुसले. एसटीनं गेलो.

साहेबांनी ओळखलं, आत बसवलं, चहा दिला. सुभेदारांनी सगळं सांगितलं. घरात एवढं मोकळं बोलणारा माणूस, पण साहेबांसमोर खुर्चीच्या कडेवर ताठ बसून सांगत होता. मला वाईट वाटत होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलून आले.

"सुभेदार," ते म्हणाले, "तो नदीच्या अलीकडे आला तर दवाखान्यापर्यंत पोचवायला कुणीतरी सापडेल. मी प्रयत्न करीन. पण पलीकडे? पलीकडे माझा हात पोचत नाही आणि तुमचाही नाही."

"व्हय साहेब."

"तुम्हाला आठवतं, आपण तिकडच्या लोकांबरोबर फुटबॉल खेळायचो?"

"व्हय साहेब. हरायचो."

दोघंही थोडं हसले. मग साहेब फाटकापर्यंत सोडायला आले. परतीच्या गाडीत सुभेदार खिडकीशी बसले होते. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा बाहेर बघत म्हणाले, "सव्वीस वर्षं नोकरी केली. सरहद्दीवर कोण इकडं येतंय तेवढंच बघायला शिकलो. एका माणसाला इकडं आणायचं कसं, ते कुणी शिकवलंच न्हाई." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. गाडीत गर्दी होती, एरवी त्यांनी काढून घेतला असता.

शुक्रवारी दुपारी मामाचा निरोप आला. आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला. तिनं तो आमच्या स्वयंपाकघरातच ऐकला. लहानसाच होता. ऐकून झाल्यावर तिनं आम्हाला मराठीत सांगितलं, सावकाश, शब्द शोधत, वॉर्डात नातेवाइकांना सांगतात तसं. मंगळवारी त्याला ताप चढला. बुधवारी चादरीची झोळी करून चौघं त्याला घेऊन जंगलातून निघाले. नदी दिसायला लागली होती. तिथल्याच टेकडीवर त्याला पुरलं. आई पोचली आहे अलीकडे, मामाबरोबर आहे.

"तो किती वर्षांचा होता?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"सत्तावीस."

सुभेदार उठून बाहेर गेले. परसात विहिरीच्या कट्ट्यावर पाठमोरे बसले. मी खिडकीतून बघत होते. त्यांना बोलवावं की नको ते मला ठरवता येईना. आम्ही दोघी जाऊन त्यांच्याजवळ बसलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तिची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. शेवटचं वर्ष. मला वाटलं होतं, ती आईला भेटायला जाईल आणि परत येईल. पण तिनं खोलीतलं सगळं सामान बांधलं. मी वर गेले. म्हटलं, "परीक्षा देऊन जा. सर्टिफिकेट हातात असलं तर तिकडंही जास्त कामाला येशील. तुझ्या भावालाही तेच आवडलं असतं." शिक्षिका म्हणून जे जे सुचलं ते सगळं सांगितलं.

ती पिशवीत कपडे भरता भरता थांबली. "काकू, तिकडे आता सलाइन लावणारं कुणी नाही. त्या लोकांना माझं सर्टिफिकेट कोण विचारणार?"

"आणि तुला काही झालं तर?"

तिनं खांदे उडवले. उद्धटपणानं नाही. मग पुन्हा कपडे भरायला लागली.

मी खाली येऊन यांना म्हटलं, "आवं, तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती."

"मी काय सांगू?" सुभेदार म्हणाले. "जाऊ नगं म्हणू? माझ्या घरातलं कुणी मला जाऊ नगं म्हणालं व्हतं का?"

"तुमचं निराळं. तुमच्यामागं सगळा देश होता."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले, "तिच्यामागं कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी तिला मिरजेच्या स्टेशनवर सोडायला गेलो. तिच्या मैत्रिणींनी जमेल तिथून पट्ट्या, कापूस, हातमोजे गोळा केले होते. एक सॅक फक्त त्यांचीच. गाडी अर्धा तास उशिरा होती. आम्ही बाकावर ओळीनं बसलो. मला वाटत होतं, काहीतरी मोठं, लक्षात राहील असं बोलावं. पण मी दोन-तीनदा फक्त पाण्याची बाटली घेतलीस का एवढंच विचारलं. गाडी आल्यावर ती आमच्या दोघांच्या पाया पडली. हे ती कधी शिकली ते मला ठाऊक नाही. सुभेदारांनी तिला सलाम केला. स्टेशनवर लोक बघत होते.

मामाच्या काठावर ती आईबरोबर निर्वासितांच्या छावणीत काही महिने होती. मग नदी ओलांडून पलीकडे गेली. जंगलात त्यांच्या लोकांचा एक दवाखाना आहे, म्हणजे ताडपत्रीची दोन खोपटं. तिथून कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी निरोप यायचा. ठीक आहे. पाऊस खूप आहे. एका बाईचं बाळंतपण केलं, जुळी झाली. कधी नुसतं अंगठ्याचं चित्र. सुभेदार पेपरातलं आतलं पान आता पहिल्यांदा उघडतात. तिथं बहुतेक दिवशी काही नसतं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मामाच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर एक बाई होती. सुरकुतलेला गोल चेहरा, डोक्याला फडकं. तिची आई. मागे निळ्या ताडपत्रीची भिंत. मामा शेजारी नव्हता, त्यामुळे मधे भाषा सांगणारं कुणीच नव्हतं. ती बोलायला लागली. मला काही कळेना. मग मीही बोलायला लागले, मराठीत. तुमची मुलगी फार हुशार आहे म्हणाले. तिच्या हाताला यश आहे. तुमचा मास्तर मुलगा मी फोनवर पाहिला होता, त्याचा वर्ग पाहिला होता. ती ऐकत होती, मान हलवत होती, मग पुन्हा तिचं बोलायची. तिच्या बोलण्यात मुलीचं नाव दोनदा आलं. ती मला काही सांगत होती की काही विचारत होती, हे मला समजलं नाही. सुभेदार शेजारी येऊन उभे राहिले. पाचेक मिनिटं आम्ही दोघी अशा बोलत राहिलो. मग चित्र थांबलं आणि फोन बंद झाला.

त्यानंतर मुलीचा निरोप आलेला नाही. मामाचा नंबर लागत नाही. कॉलेजमधून एकदा विचारणा झाली, की ती परत येणार का, तिचे कागद अजून तिथं पडून आहेत. मी सांगितलं, मला माहीत नाही. वरच्या खोलीत आता दुसऱ्या मुली राहायला आल्या आहेत.